कोब्राचं किट : गाडी चालतेय, पण दारं जुळेनात आणि आयव्हीए डोक्यावर आहे

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचत आलोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण अडकलोय, आणि इथं गाडीला स्वतः हात लावणारी माणसं आहेत हे माहितीय.

मी मूळचा कोल्हापूरचा, पप्पांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, आता मी कव्हेंट्रीत असतो. चार वर्षांपूर्वी इथल्या एका आजोबांच्या शेडमधून एसी कोब्राच्या रेप्लिकाचं (हुबेहूब नकलेचं) घरी जोडायचं अर्धवट किट घेतलं. चासी, फायबरची बॉडी, जग्वारचे पुढचे-मागचे ॲक्सल, आणि बारा चहाच्या डब्यांत नट-बोल्ट, प्रत्येक डब्यावर पेन्सिलनं लिहिलेलं की हे कशाचे. आजोबांचे गुडघे गेले म्हणून विकलं, नाहीतर त्यांनीच पुरं केलं असतं.

ज्यांना कोब्रा माहीत नाही त्यांच्यासाठी. १९६२ साली कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या रेसरनं इंग्लंडमधल्या टेम्स डिटनच्या एसी कंपनीची 'एस' नावाची हलकी टू-सीटर घेतली आणि तिच्यात फोर्डचं व्ही-एट बसवलं, ती कोब्रा. सगळ्या मिळून हजाराच्या आसपासच बनल्या. पहिली गाडी, सीएसएक्स२०००, २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. म्हणजे आपल्यासारख्यानं ती चालवायची तर रेप्लिकाच, दुसरा रस्ता नाही.

माझ्या गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट आहे. हे इंजिन मुळात ब्युइकचं, १९६१ चं, पूर्ण ॲल्युमिनियमचं, जनरल मोटर्सनं ते बंद केलं आणि १९६५ मध्ये रोव्हरनं त्याचे हक्क घेतले. वजनाला हलकं, स्पेअर मिळतात, म्हणून इंग्लंडमध्ये किटवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच वापरलं. इंजिन मी खोललं, रिंगा-बेअरिंग बदलली, दोन वर्षांपूर्वी बॉडी न चढवताच सुरू केलं आणि घरामागच्या बोळात नुसत्या चासीवर सीट ठेवून वीस फूट पुढं-मागं केली. पप्पांना व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला, ते काही बोललेच नाहीत, नुसते ऐकत बसले होते.

तिथपर्यंत सगळं छान. त्यानंतर बॉडी चढवली आणि तिथून पुढं दोन वर्षं झाली, काम हलत नाही. ड्रायव्हरच्या दाराला वरच्या मागच्या कोपऱ्यात ३ एमएम फट आणि खालच्या कोपऱ्यात ९ एमएम. पलीकडच्या दाराला उलटं. चाकाच्या कमानीच्या कडांना जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या रंगीत वरच्या थराचे, पोपडे निघतायत, आत पोकळ. बॉडीवर साच्याच्या सांध्याच्या रेघा आहेत, मडगार्डच्या माथ्यावरून सरळ गेलेल्या, बोटाला जाणवतात. बॉडीला जेलकोटचाच गडद निळा रंग आहे, तोच पॉलिश करून ठेवावा का रंग मारावा? आणि आयव्हीए, म्हणजे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची इथली सरकारी तपासणी, रंगाआधी की नंतर? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, वेळ आहे, घाई नाही.


रत्नांग्री

तिसरा गिअर, स्वागत. मी गाडीतला नाही, मी होड्यांतला. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या बांधायच्या आणि दुरुस्तीच्या कामात वीस वर्षं काढली. फायबर फायबरच असतं, होडीचं काय नि गाडीचं काय.

आधी पोपड्यांचं. कडेला आणि अरुंद वळणात मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) नीट दाबून बसत नाही, जेलकोट आणि मॅटच्या मध्ये हवा राहते. वरून चकचकीत दिसतं, आत काही नाही. एक रुपयाचं नाणं घ्या आणि सगळ्या कडेनं टकटक करत जा. भरीव असेल तिथं कोरडा टणक आवाज येतो, पोकळ असेल तिथं आवाज बसतो, पापडावर बोट मारल्यासारखा. जिथं बसला तिथं मार्करनं गोल करा. एकही सोडू नका, कारण जो सोडाल तोच रंग मारल्यावर उन्हात फुटणार.

मग प्रत्येक गोल फोडायचा. जपून नाही, खरोखर फोडायचा, टणक भाग लागेपर्यंत घासायचं आणि कडा उतरत्या करायच्या. ॲसिटोननं पुसा, धूळ राहिली तर काही धरत नाही. भरायला पुट्टी वापरू नका हो, कडेला पुट्टी टिकत नाही, दार चार वेळा आपटलं की उडते. रेझिनमध्ये बारीक कापलेली काच मिसळा आणि त्यानं भरा. हार्डनर १ ते २ टक्के, जास्त घातलं म्हणजे लवकर आणि चांगलं होतं असं नाही, तापून तडा जातो. आणि तुमच्याकडं थंडी असते, १५ अंशांच्या खाली पॉलिएस्टर रेझिन नीट सुकतच नाही, वरून सुकल्यासारखं वाटतं, आत कच्चं. उन्हाळ्याची वाट बघा नाहीतर हीटर लावून आधी गॅरेज गरम करा.

वरून जेलकोट लावणार असाल तर मेण मिसळलेला घ्या. साधा जेलकोट हवेत उघडा राहिला की चिकट राहतो, साच्यात तो बंद असतो म्हणून तिथं कळत नाही.

दाराचं सांगतो पण त्याआधी मला एक सांगा. फटी मोजल्या तेव्हा गाडी कशावर उभी होती?


तिसरा_गिअर

ॲक्सल स्टँडवर. चारी. चाकं काढलेली होती कारण ब्रेक पाइपचं काम चालू होतं.


रत्नांग्री

मग त्या मापाला अर्थ नाही. होडी टेकूवर असताना फळी जुळवली आणि पाण्यात गेल्यावर जुळली नाही, हे आमच्याकडं नवीन पोरगं आलं की एकदा होतंच. वजन जिथं टेकतं तिथून अंग वाकतं.


पानेवाला

रत्नांग्रींनी नेमकं पकडलं. मी इथं इंग्लंडात लोटस सेव्हन या उघड्या हलक्या गाडीच्या जातीच्या दोन गाड्या बांधल्या, एक जुन्या एसव्हीए तपासणीच्या काळात आणि एक २००९ ला आयव्हीए आल्यावर, आणि मित्राच्या कोब्राला दोन उन्हाळे हात लावलाय. कोब्राच्या किटची चासी शिडीसारखी असते आणि दाराचा भाग हा तिचा सगळ्यात मऊ भाग, कारण छत नाही, वर काही धरायला नाही. स्टँड जिथं लावाल त्याप्रमाणं दाराची फट बदलते. म्हणून गाडी आपल्या चार चाकांवर, इंजिन-गिअरबॉक्स आत, पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली, सीटवर कुणीतरी बसलेलं किंवा तेवढ्या वजनाची सिमेंटची पोती, असं सगळं करूनच फट मोजायची.

मग बॉडीचे सगळे बोल्ट सैल करा. सगळे. बॉडीला आपणहून बसू द्या, एक रात्र तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी जिथं चासी आणि बॉडीत जागा राहिलीय तिथं वॉशर घालून भरा, बोल्टनं ओढून जागा मिटवायची नाही. मित्राच्या गाडीत मागच्या एका बोल्टखाली ४ एमएमचे वॉशर गेले आणि ज्या दारासाठी तो सहा महिने बिजागरीशी भांडत होता ते दार अर्ध्या तासात जुळलं.

त्यानंतर क्रम असा ठेवा: बिजागरी, मग लॉक, मग दाराचं रबर बसवा, आणि मगच फट. रबर नंतर बसवलं तर ते दाराला बाहेर ढकलतं आणि सगळी मेहनत वाया. रंगाआधी फट ५-६ एमएम ठेवा, प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, शेवटी ४-५ उरते. एकसारखी ५ ची फट डोळ्याला चांगली वाटते, ३ आणि ९ तीन मीटरवरून दिसते. मोजायला ५ एमएमची ॲलन की फटीतून सरकवत न्या, पट्टी लावत बसू नका.

आणि आयव्हीए आधी, रंग नंतर. त्याचं कारण रात्री सविस्तर लिहितो.


अबोली७९

मी पेणची, आमचा गणपतीचा कारखाना. साच्याच्या रेघांबद्दल लिहिते, बाकी मला कळत नाही.

सांध्याची रेघ नुसती रेघ नसते, तिच्या दोन्ही बाजूंना किंचित पातळीचा फरक असतो. फक्त रेघ घासली तर तिथं चर पडतो आणि रंग लावल्यावर चर जास्त दिसतो. आमचे दादा रात्री काम बघायचे, दिवसा नाही. सगळे दिवे बंद करून एकच बल्ब मूर्तीच्या अंगाला लागून धरायचे, म्हणजे उजेड आडवा पडतो आणि एवढासा उंचवटा लांब सावली टाकतो. तुम्ही ट्यूब आडवी धरून बघा. नाहीतर पाण्याचा हात फिरवा, ओल्या पृष्ठावर ट्यूबचं प्रतिबिंब बघा, जिथं ते मोडतं तिथं काम बाकी आहे. आणि तळहात फिरवताना मध्ये पातळ सुती कापड ठेवा. उघड्या हाताला जे कळत नाही ते कापडावरून कळतं, का ते मला सांगता येणार नाही पण कळतं.


पानेवाला

अबोलीताई, कापडाचं शंभर टक्के खरं, इथले जुने पेंटरही तेच करतात.

तिसरा गिअर, रेघांसाठी लांब कडक लाकडी ठोकळ्याला ८० नाहीतर १२० चा पेपर लावून तिरक्या हातानं घासा, आधी एका तिरप्यात मग दुसऱ्या. फिरतं मशीन लावू नका, लाटा पडतात. वरून काळ्या पावडरीचा गाइड कोट मारा, घासल्यावर जिथं काळं उरलं तिथं खड्डा आहे. जेलकोट जेमतेम अर्ध्या एमएमचा असतो, रेघ पूर्ण घालवेपर्यंत बऱ्याच ठिकाणी तो संपतो आणि खालचा मॅट दिसतो. म्हणजे जेलकोटचा निळा राखायचा तर रेघा राखाव्या लागतील. रेघा नको असतील तर रंगच मारावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे, रंग मारा.

आता आयव्हीए. ही प्रत्येक गाडीची वेगळी, माणसानं हातानं केलेली तपासणी आहे आणि निम्म्या गोष्टी बॉडीशी संबंधित आहेत. बाहेरच्या उंचवट्यांसाठी १०० एमएम व्यासाचा गोळा धरतात. गोळा जिथं जिथं टेकू शकतो त्या प्रत्येक कडेची गोलाई किमान २.५ एमएम हवी. कोब्राला नेमकं हेच जड जातं, कारण तिचं रूपच धारदार कडांचं: बॉनेटवरचा हवा घेणारा स्कूप, मडगार्डमागच्या जाळीच्या पट्ट्या, चाकाच्या मधला दोन कानांचा नट, दाराखालून जाणाऱ्या सायलेन्सरच्या साइड पाइपचं तोंड, नंबर प्लेटचा दिवा. दोन कानांचा नट तर पास होतच नाही, तपासणीला साधे गोल नट लावा. एखादी कड नापास झाली तर तुम्हाला तिथल्या तिथं कानस लावावी लागेल. रंग मारलेल्या गाडीवर कानस लावायची वेळ आली तर काय होईल विचार करा. म्हणून जेलकोट किंवा प्रायमरवर तपासणी, पास झालात की सगळं उतरवायचं आणि निवांत रंग. इथले बरेच लोक असंच करतात.

बाकी, आवाज ९९ डेसिबलच्या आत, माइक सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर आणि इंजिन कमाल ताकद ज्या आरपीएमला मिळते त्याच्या तीन चतुर्थांशावर. स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलं तर नापास, थोडं जास्त चालतं. ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर नापास. आणि स्टिअरिंग: हळू गोल फिरताना हात सोडल्यावर चाक आपणहून सरळ होऊ लागलं पाहिजे. माझी पहिली गाडी यातच गेली. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल, वाढवा.

फोटो आणि पावत्या जपून ठेवा, गाडी तुम्हीच बांधली याचा पुरावा लागतो. नंबरच्या पाटीचंही त्यावरच आहे. नव्या किटला जुन्या गाडीचे दोन मुख्य भाग लावलेत आणि तसा पुरावा आहे तर त्या जुन्या गाडीच्या वयाची पाटी मिळते, पुरावा नसेल तर क्यू, म्हणजे वय न ठरलेल्या गाडीची पाटी. आजोबांकडून जग्वारचे कागद मिळाले का?


तिसरा_गिअर

मिळाले! तेराव्या डब्यात होते, म्हणजे डबा नव्हता, बिस्किटाचा पत्र्याचा चौकोनी पेटारा होता. जग्वारचं लॉगबुक आणि भंगारवाल्याची पावती. तुम्ही विचारलं नसतं तर मी ते कागद रद्दीत घालणार होतो.


मिशिगनकर

उशिरा आलो. माझी कोब्राची रेप्लिका फॅक्टरी फाइव्हची आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅमची कंपनी, १९९५ पासून. माझं किट जुन्या मस्टँगचे पार्ट घेऊन बांधायचं होतं, तसंच बांधलं, दोन वर्षं गेली. इथं अमेरिकेत देशभर एक अशी आयव्हीए नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात वर्षाला पहिल्या ५०० हातानं बांधलेल्या गाड्यांना धुराच्या नियमात सूट आहे, जानेवारीत रांग लागते. २०१५ च्या कायद्यानं छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ पर्यंत तयार रेप्लिका विकायची मुभा दिली, पण नियम यायला २०२१ उजाडलं.

मी मुख्यतः दोन गोष्टी सांगायला आलो. एक वायरिंग. पत्र्याच्या गाडीत बॉडी स्वतःच अर्थ असते, फायबरच्या गाडीत नसते. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, टाकीच्या सेंडरला स्वतंत्र अर्थची वायर चासीपर्यंत आणि चासीवरचा रंग खरवडून टोक लावायचं. माझा इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट मिणमिणायचा, तीन वीकेंड गेले, शेवटी मागच्या दिव्यांची अर्थ एका रंगवलेल्या ब्रॅकेटवर निघाली.

दुसरं साइड पाइप. उतरताना पोटरी लागली की भाजते, आमच्यात त्याला साप चावला म्हणतात, माझ्या मुलीला चावला, आठ वर्षांची होती, अजून डाग आहे. तपासणीसाठी नाही, घरच्यांसाठी पाइपवर जाळीचं कव्हर लावा. पहिल्या दिवसापासून लावा.

रंगाबद्दल एवढंच की टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगात आयसोसायनेट असतं, ते घरच्या गॅरेजात साध्या मास्कवर मारू नका, फुप्फुसाचं कायमचं होतं. बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर प्रायमरपर्यंत स्वतः करा आणि रंग बूथवाल्याकडं द्या. त्याला आधी सांगा की बॉडी फायबरची आहे, पत्र्याइतकी भट्टी लावू नको. माझ्या पेंटरनं लावली, ६० च्या वर, आणि दोन दिवसांनी बॉनेटवर टाचणीच्या टोकाएवढे दोनशे फोड. आत अडकलेली हवा आणि रेझिनमधलं स्टायरिन बाहेर आलं. त्यानं पुन्हा सगळं घासून दिलं, पण माझा अख्खा सीझन गेला.


रत्नांग्री

मिशिगनकर बरोबर बोलले. बॉडी रंगाआधी एक उन्हाळा उन्हात राहिली पाहिजे, उघडी. सगळं काय निघायचं ते निघून जातं.


सह्यकडा

एक मनापासूनचा प्रश्न, राग मानू नका. एवढे कष्ट, एवढे पैसे, आणि शेवटी ती नक्कलच ना? स्वतःचं डिझाइन का नाही करत कुणी? मी पुण्यात ऑटो कंपनीत डिझाइनला आहे म्हणून मला हे खुपतं.


पानेवाला

प्रश्न रास्त आहे. पण अस्सल कोब्रा तरी कुठून आली बघा. एसीच्या 'एस'चा आकार जॉन टोजेरोच्या रेसिंग गाडीवरून आला, आणि ती गाडी बघितली की फेरारीची १६६ बारकेटा आठवतेच. शेल्बीनं त्यात अमेरिकन इंजिन घातलं. म्हणजे जिला आपण मूळ म्हणतो तीही तीन घरचं एकत्र करूनच झाली.

लोटस सेव्हनचं तर आणखी वेगळं. १९५७ मध्ये आली तेव्हापासून ती किट म्हणून विकली जायची, कारण तयार गाडीवर इंग्लंडात जबर खरेदी कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. पगारदार माणसाला स्पोर्ट्स गाडी परवडायची ती अशी. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सूट गेली, त्याच वर्षी केटरहॅमनं सेव्हनचे हक्क घेतले. सूट गेली तरी लोकांनी बांधायचं सोडलं नाही.

मला नक्कल तेव्हा वाटते जेव्हा कुणी मूळ बॅज लावून खोटं सांगून विकतो. ते वाईटच, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. तिसरा गिअर, गाडीवर एसी किंवा शेल्बीचा बिल्ला लावू नका, कुणी विचारलं तर रेप्लिका आहे असं पहिल्या वाक्यात सांगा.


तिसरा_गिअर

सह्यकडा, राग अजिबात नाही. माझ्यापुरतं सांगतो. मी ऑफिसात दिवसभर स्क्रीनवर ब्रॅकेटचे स्ट्रेस बघतो. तो ब्रॅकेट मी कधी हातात घेत नाही. पप्पा बुश टर्न करायचे तेव्हा मायक्रोमीटर लावायच्या आधी अंगठा फिरवून सांगायचे अजून दोन शंभरांश काढ. मला ते यायला पाहिजे होतं, आणि आकार नवीन शोधण्यापेक्षा हे शिकणं मला जास्त हवं होतं. आकार कुणीतरी फार सुंदर काढून ठेवलाय, त्याला न्याय द्यायचा एवढंच माझं काम. बिल्ला लावणार नाही, शब्द.


सह्यकडा

पटलं. मग पुढचा प्रश्न, भारतात असं करता येईल का?


पानेवाला

रस्त्यावर चालवायला अवघड. आपल्याकडं एकट्या माणसानं बांधलेल्या गाडीसाठी आयव्हीएसारखी सोपी वाट नाही. नवी गाडी म्हटलं की केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली प्रोटोटाइपची (नमुना गाडीची) मंजुरी, तुमच्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून, आणि तो खर्च एका गाडीला झेपत नाही. जुनी गाडी बदलून करावी म्हटलं तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाही. मला हे दुःखाचं वाटतं, कारण हात आपल्याकडं आहेत.


रत्नांग्री

आहेतच. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धाटणीची उघडी रोडस्टर बनवली होती की, फायबरची बॉडी आणि ॲम्बॅसडरमधलं १.८ चं इसुझु इंजिन. मी एक अलिबागच्या रस्त्यावर स्वतः बघितलीय, थांबून मडगार्डच्या कडेवरून हात फिरवला, कड चांगली भरलेली होती.


सह्यकडा

माझ्या कॉलेजची पोरं बाहा आणि सुप्रा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांना गाड्या बांधतात, चासी वेल्डिंगपासून. त्यांना हा धागा पाठवतो.


तिसरा_गिअर

मंडळी, पाच महिन्यांनी येतोय.

नाण्यानं बघितलं. २३ जागा निघाल्या, मला डोळ्यांनी फक्त ६ दिसल्या होत्या. सगळ्या फोडल्या, जून महिन्यात भरल्या.

गाडी चाकांवर घेतली, सीटवर कंपोस्टची पोती, टाकीत २५ लिटर, बॉडीचे बोल्ट सैल करून रात्रभर ठेवली. सकाळी ड्रायव्हरच्या दाराची फट ३ आणि ९ ची ४ आणि ७ झाली होती, काही न करता. मागच्या उजव्या माउंटखाली वॉशर घालत गेलो, एका वेळी एक, प्रत्येक वेळी दार लावून ॲलन की सरकवायची. तिसऱ्या वॉशरला की वरून खालपर्यंत न अडकता आली. मी दार परत उघडलंच नाही त्या दिवशी. खालची कड एका जागी अजून मोठी होती तिथं रत्नांग्रींच्या सांगण्याप्रमाणं काच-रेझिननं चढवली आणि कानसली.

आयव्हीए पहिल्या वेळी नापास. तीन मुद्दे, स्कूपच्या ओठाची कड, नंबर प्लेटच्या दिव्याचा ब्रॅकेट आणि स्टिअरिंग सरळ होत नाही. तपासणारा माणूस चांगला होता, प्रत्येक गोष्ट खाली वाकून दाखवली. बॉडी जेलकोटवर होती म्हणून स्कूपला तिथंच पार्किंगमध्ये कानस लावता आली, पानेवाले तुमचे आभार कसे मानू. स्टिअरिंगसाठी घरी येऊन वरच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, हलवले, कॅस्टर वाढवला, टो (चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) परत सेट केला. बारा दिवसांनी परत गेलो आणि पास. आवाज ९६. पाटी जग्वारच्या वयाची मिळाली.

पाटी लावून पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा पप्पांना कॉल लावला आणि फोन बॉनेटवर ठेवला. ह्या वेळी बोलले. म्हणाले, डावीकडं मागचा एक टॅपेट वाजतोय, तेल किती दिवसांचं आहे? मी म्हटलं नवीन आहे. म्हणाले मग तेलाची जाळी बघ. ह्या इंजिनाचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे दट्टे) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे असतात, तेलात घाण अडकली की बसतात. रॉकर कव्हर काढलं तर डाव्या बँकेचा मागून पहिलाच दबलेला, ७००० किलोमीटर लांबून बरोबर ओळखला. टॅपेट काढून धुतला, तेल परत बदललं, आता आवाज नाही.


अबोली७९

दादांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले त्या मुलाला सांग, रेघा अजून बाकी आहेत.


तिसरा_गिअर

बाकी आहेत अबोलीताई, रात्री ट्यूब आडवी धरून बघतोय, डाव्या मडगार्डची झाली, उजव्याची चालू आहे. हिवाळाभर घासणार, मेपासून उन्हात ठेवणार, मग बूथवाला. रंग हाच गडद निळा, पट्टे नाहीत. साइड पाइपला जाळी लावलीय, मिशिगनकर.


रत्नांग्री

दाराच्या कडेचा फोटो टाका, रंगाआधीचा. जवळून.